स्टेडियमच्या तिकिटात चाळीस खुर्च्यांचा वाटा

२०२५च्या पावसाळ्यात एका शनिवारी पुण्यातल्या एका कॅफेच्या माडीवर गाणं ऐकायला गेलो होतो. चाळीस खुर्च्या, त्यातल्या अडतीस भरलेल्या. पंचविशीतली एक मुलगी, तिच्यापुढे भाड्याने आणलेला डिजिटल पियानो, शेजारी ठेका धरायला तिचा मित्र. शब्द तिचे, चाली तिच्या, गळाही तिचाच, आणि सगळं मराठीत. रेशनकार्डावरून आजीचं नाव कमी करून आणायला गेलेल्या नातीचं एक गाणं होतं. ते संपल्यावर टाळ्या पडायला जरा उशीर झाला, आणि नेमकं त्याच वेळी खालचं कॉफीचं मशीन घरघरलं. सगळे हसले. तीही हसली, पण डोळे पुसत.

कार्यक्रम संपल्यावर मी उगाच रेंगाळलो आणि हिशेब ऐकला. तिकीट तीनशे रुपये. अडतीस तिकिटांचे झाले अकरा हजार चारशे. त्यातले निम्मे जागेचे. तिच्या वाट्याच्या सत्तावनशेतून पियानो आणि स्पीकरचं भाडं दीड हजार, ठेकेवाल्या मित्राला दोन हजार, जायला-यायला रिक्षा चारशे. उरले अठराशे. यात महिनाभराच्या तालमी आणि ती बारा गाणी लिहायला लागलेली दोन वर्षं धरलेली नाहीत. मी काहीतरी सहानुभूतीचं बोलायला गेलो तर म्हणाली, "नाही काका, खिशातून गेले नाहीत म्हणजे चांगलंच झालं की." जागेचा मालकही काही बंगले बांधत नव्हता. त्या दोन तासांत माडीवर कॉफीचे सव्वीस कप गेले होते. एरवी शनिवारी संध्याकाळी त्याच चाळीस खुर्च्यांवर तो याच्या तिप्पट विकतो.

त्याच वर्षी जानेवारीत, १८, १९ आणि २१ तारखेला, नवी मुंबईच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर कोल्डप्ले या ब्रिटिश बँडचे तीन कार्यक्रम झाले. तिकिटं अडीच हजारांपासून पस्तीस हजारांपर्यंत. आदल्या वर्षीच्या सप्टेंबरमध्ये विक्री सुरू झाली तेव्हा एक कोटीहून जास्त लोक रांगेत आले आणि बुकमायशोचं संकेतस्थळ आडवं झालं. काळ्या बाजारात तिकिटाचे आकडे लाखांत गेले, प्रकरण पोलिसांत आणि उच्च न्यायालयात पोचलं. नंतर पंतप्रधानांनी भुवनेश्वरच्या भाषणात मुंबई आणि अहमदाबादच्या या कार्यक्रमांचा दाखला देऊन 'कॉन्सर्ट इकॉनॉमी' हा शब्द चलनात आणला. तेव्हापासून पर्यटन, हॉटेलं, विमानाची तिकिटं, रोजगार यांची गणितं मांडणारे लेख नियमाने येतात. गाण्याचा उल्लेख त्यात असलाच तर ओझरता.

या दोन घटनांमध्ये नातं आहे, आणि ते हिशेबात दिसलं पाहिजे, एवढंच मला म्हणायचं आहे. मोठ्या मैफलींच्या प्रत्येक तिकिटामागे एक ठरावीक छोटी रक्कम चाळीस-पन्नास-शंभर खुर्च्यांच्या जागांसाठी आणि तिथे स्वतःची गाणी गाणाऱ्यांसाठी बाजूला काढावी. महाराष्ट्राने हे करावं, आणि आत्ताच करावं, कारण मोठ्या मैफली आत्ता इथे यायला लागल्या आहेत.

नातं कसलं ते सांगतो. कोल्डप्लेचा ख्रिस मार्टिन हा पियानोवर बसून आपल्या बँडने रचलेली गाणी गाणारा माणूस. म्हणजे कुळी त्या माडीवरच्या मुलीचीच. या बँडचा पहिला कार्यक्रम जानेवारी १९९८मध्ये लंडनच्या कॅमडेन भागात 'लॉरेल ट्री' नावाच्या पबात झाला. तेव्हा त्यांचं नावही वेगळं होतं, 'स्टारफिश'. स्टेडियममध्ये कुणी जन्माला येत नाही. याची आठवण त्या बँडने ठेवली असावी. कारण २०२५मध्ये वेम्ब्ली आणि हल इथल्या स्टेडियमांत ते गायले तेव्हा त्या कार्यक्रमांतून बँडला मिळणाऱ्या पैशांतले दहा टक्के त्यांनी ब्रिटनमधल्या छोट्या संगीतस्थळांसाठी देण्याचं जाहीर केलं. पैसे गेले म्युझिक व्हेन्यू ट्रस्ट या संस्थेकडे. नवी मुंबईत असं काही झालं नाही. त्यात बँडची चूक नाही. इथे द्यायचं कुणाला, असली संस्थाच कुठे आहे? आणि मुख्य म्हणजे, मागितलं कुणी?

ब्रिटनला हे सुचलं ते काही उदारतेच्या लहरीतून नव्हे. तिथली छोटी ठिकाणं पटापट बंद पडत होती. या ट्रस्टच्या नोंदीनुसार एकट्या २०२३ सालात १२५ ठिकाणांनी गाण्याचे कार्यक्रम थांबवले. बाथ शहरातला 'मोल्स' हा १९७८पासूनचा क्लब त्याच डिसेंबरात दिवाळखोरीत निघाला. ओअ‍ॅसिस, रेडिओहेड, एड शीरन ही मंडळी नाव होण्याआधी तिथे गाऊन गेलेली. जी ठिकाणं तग धरून होती त्यांचा नफा सरासरी अर्धा टक्का. एवढ्या नफ्यात माणूस वडापावची गाडीसुद्धा लावणार नाही. मे २०२४मध्ये तिथल्या संसदेच्या सांस्कृतिक समितीने शिफारस केली की, मोठ्या सभागृहांच्या आणि स्टेडियमांच्या तिकिटामागे काही रक्कम छोट्या जागांसाठी काढावी. नोव्हेंबरमध्ये सरकारने पाठिंबा दिला, पण 'आधी तुम्ही आपणहून करा' असं म्हणून. एंटर शिकारी हा बँड आणि सॅम फेंडर हा गायक यांनी आपापल्या दौऱ्यांत तिकिटामागे एक पौंड दिला. लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉल या सभागृहानेही २०२५मध्ये तसंच ठरवलं. फ्रान्स याबाबतीत पुढे आहे. तिथे अशा कार्यक्रमांच्या तिकीटविक्रीवर साडेतीन टक्के कर कायद्यानेच घेतला जातो आणि तो संगीताच्याच संस्थेकडे जातो. त्यातला काही भाग ज्या निर्मात्याने भरला त्याच्याच खात्यात, पुढच्या नव्या कार्यक्रमासाठी, परत मिळतो. ही युक्ती मला फार शहाणपणाची वाटते. ज्याच्याकडून घ्यायचं त्यालाही आपण लुबाडले गेलो असं वाटू नये.

छोटी जागा काय घडवते, याचं माझं आवडतं उदाहरण मात्र अमेरिकेतलं आहे. नॉर्थ कॅरोलायनातली युनिस वेमन ही कृष्णवर्णीय मुलगी. आई धर्मोपदेशक. मुलीला बाखसारख्या अभिजात पाश्चात्त्य संगीतकारांच्या रचना वाजवणारी मैफलीतली पियानोवादक व्हायचं होतं. १९५१ साली फिलाडेल्फियाच्या कर्टिस इन्स्टिट्यूट या संगीतशाळेने तिला प्रवेश नाकारला. रंगामुळे नाकारला, असं ती शेवटपर्यंत मानत होती. पोटासाठी तिने १९५४च्या उन्हाळ्यात अटलांटिक सिटीतल्या 'मिडटाउन बार अँड ग्रिल'मध्ये काम धरलं, आठवड्याला नव्वद डॉलर. पहिल्या रात्री ती नुसतं वाजवत राहिली. मालकाने विचारलं, गात का नाहीस? गायचं, नाहीतर उद्यापासून येऊ नकोस. तोवर गाणं हा तिचा विषयच नव्हता. मग ती गायला लागली. बारमध्ये गाते हे आईला कळू नये म्हणून तिने नावही बदललं, नीना सिमोन. मध्यरात्र उलटेपर्यंत चालणाऱ्या त्या पाळ्यांत हातात बाख आणि ओठांवर लोकप्रिय गाणी असं एक अजब मिश्रण तयार झालं, आणि ऐकायला कोण, तर उन्हाळी सुट्टीतले विद्यार्थी आणि रोजचे पिणारे. १९६३ला ती न्यूयॉर्कच्या नामांकित कार्नेगी हॉलमध्ये वाजवत होती. पुढे तिने स्वतः गाणी लिहिली, नागरी हक्कांच्या चळवळीत त्यांनी आग लावली. कर्टिस इन्स्टिट्यूटने २००३ साली, तिच्या मृत्यूच्या अगदी तोंडावर, तिला सन्माननीय पदवी दिली.

या गोष्टीत मला महत्त्वाचा वाटतो तो तो बार. बरी जागा नसणार, मालकही काही कलेचा आश्रयदाता नव्हता. पण तिथे एक पियानो होता, रोज रात्री तोच पियानो, आणि समोर चुकलं तरी दुसऱ्या दिवशी परत येणारी माणसं. मोठ्या संस्थेने जो दरवाजा लावून घेतला तो एका गुत्त्यात उघडला.

पियानोवाल्यांचं तर जागेशिवाय चालतच नाही. गिटारवाला गिटार पाठीला लावून लोकलमध्ये चढतो. आपला पेटीवाला पेटी उचलून नेतो. पियानो मात्र जागेचा असतो, वादकाचा नव्हे. जो असेल त्यावर वाजवायचं. आणि आपल्या हवेत तो सांभाळणं म्हणजे घरात म्हातारं माणूस सांभाळण्यासारखं. पावसाळ्यात आतलं लाकूड फुगतं आणि सूर चढतो, कोरड्या दिवसांत उतरतो, किनाऱ्यालगतच्या शहरांत तारा गंजतात. शिवाय सूर लावून देणारा जाणकार गावोगावी बसलेला नसतो. म्हणून सगळे डिजिटलवर भागवतात. भागतंही. पण मोकळ्या दिवशी दुपारी जाऊन दोन तास ज्यावर बसावं असं वाद्य शहरात सार्वजनिक ठिकाणी कुठे आहे, हे विचारून पाहा. मुंबईत एनसीपीए हे मोठं कलाकेंद्र आहे, पण तिथे नवख्याने नुसतं जाऊन बसावं अशी सोय कुणीही ठेवणार नाही, आणि त्यात त्यांचं चुकतं असंही नाही.

कुणी म्हणेल, पियानो, कॅफे, तीनशेचं तिकीट हे सगळं इंग्रजाळलेल्या पोरांचं कौतुक; मराठी माणसाचा काय संबंध? संबंध जुना आहे. स्वतःचे शब्द स्वतःच्या चालीत लोकांसमोर उभं राहून गायचे, याला आपल्याकडे शाहिरी म्हणत. अण्णा भाऊ साठे आणि अमर शेख गिरणगावात, मैदानात, चाळीच्या चौकात गात होते. त्याआधीच्या होनाजी-बाळा जोडीत लिहिणारा होनाजी आणि गाणारा बाळा. 'सिंगर-साँगरायटर'ला आज सुटसुटीत मराठी शब्द सापडत नाही आणि आपण 'गायक-गीतकार-संगीतकार' अशी मालगाडी जोडतो, ते सिनेमाने ही कामं तिघांत वाटून टाकल्यामुळे.

आणि छोट्या जागेचा महिमा मराठी माणसाला सांगायला हवा? १९७४पासून दादरच्या छबिलदास शाळेच्या सभागृहात 'आविष्कार' या नाट्यसंस्थेने जे नाटक केलं, त्याने पुढची दोन पिढ्यांची रंगभूमी आणि पडदा पोसला. बाकं, साधे दिवे, बाहेर दादरचा गोंगाट. जुहूचं पृथ्वी थिएटर १९७८चं, खुर्च्या दोनशेच्या आसपास. तिथून किती नट-नट्या बाहेर पडल्या ते मोजायला बसलो तर हा लेख संपायचा नाही. नाटकाला आपण हे दिलं: प्रायोगिक रंगमंच, राज्य नाट्य स्पर्धा, नव्या नाटकांना अनुदान. मराठी चित्रपटालाही अनुदान आहे. नव्या गाण्याला, चित्रपटाच्या बाहेर जन्मलेल्या गाण्याला, यांतलं काय मिळालं? महापालिकांच्या नाट्यगृहांचं महिन्याचं वेळापत्रक उघडून बघा. गाण्याचे कार्यक्रम भरपूर आहेत, पण जवळजवळ सगळे जुन्या गाण्यांचे. अमक्या संगीतकाराची सुवर्णगीते, तमक्या दशकाची जादू. मलाही ती गाणी आवडतात. पण हजार खुर्च्यांच्या नाट्यगृहाचं भाडं नव्या गाण्यावर फेडता येत नाही, म्हणून नवं गाणं तिथे जात नाही, आणि जात नाही म्हणून कुणाला ते ठाऊक होत नाही.

सरकारी कागदालाही असं नवं गाणं दिसत नाही. जीएसटीच्या सवलतींच्या यादीत कलाकाराला दीड लाखापर्यंतच्या मानधनावर सूट आहे, पण 'लोककला किंवा शास्त्रीय कला' सादर केली तर. माडीवरच्या त्या मुलीची कमाई कराच्या उंबरठ्याच्या आसपासही नाही, त्यामुळे तिला व्यवहारात फरक पडत नाही. तरी गंमत बघा. दोनशे वर्षांपूर्वीची लावणी ही कला, आणि काल रात्री लिहिलेलं गाणं हा धंदा.

आता पैशांचं. पाचशे रुपयांवरच्या तिकिटावर अठरा टक्के जीएसटी आधीच जातो. त्यावर बुकिंगचं शुल्क, पार्किंग, पाण्याच्या बाटलीचा दर. अडीच हजारांच्या तिकिटात आणखी वीस रुपये कुणाला टोचतील? एका रात्री अर्धा लाख माणसं धरली तर तीन रात्रींचे तीस लाख. एवढ्यात मुंबई-पुणे-नाशिक-कोल्हापूर-नागपूर मिळून वीस ठिकाणी वर्षभर महिन्याला एक कार्यक्रम, कलाकाराला दर खेपेला दहा हजार मानधन, असं गणित मांडलं तर ते चोवीस लाखांत बसतं. उरलेल्या सहा लाखांत दोन-तीन चांगले जुने उभे पियानो आणि त्यांचे सूर लावून घ्यायचा खर्च. हे फक्त एका बँडच्या तीन रात्रींचं. वर्षभरातल्या सगळ्या मोठ्या मैफली धरल्याच नाहीत.

आक्षेप येतील आणि त्यातला एक मला स्वतःलाच छळतो. पैसा सरकारकडे गेला की गेला. आपल्याकडे करमणूक शुल्काचा कायदा १९२३पासून होता, २०१७ला तो जीएसटीत विरघळला. त्या नव्वद-पंच्याण्णव वर्षांत तिकिटांतून जमलेला पैसा तिजोरीत गेला आणि तिजोरीतून कुठे गेला ते तिजोरीलाच ठाऊक. तेव्हा हा वाटा उपकर म्हणून गोळा करू नये. ब्रिटनसारखा स्वतंत्र विश्वस्त निधी हवा, त्यात जागा चालवणारे, गाणारे, मोठ्या कार्यक्रमांचे आयोजक आणि एखादा कडक हिशेबनीस असे बसावेत. पुढारी नकोत, आणि कृपा करून जीवनगौरव पुरस्कारही नकोत. राज्याने एकच करावं: सरकारी किंवा निमसरकारी मालकीचं मैदान, पोलीस बंदोबस्त, जादा लोकल आणि बस यांची सोय देताना आयोजकाला अट घालावी की, तिकिटामागचे वीस रुपये या निधीत भरल्याची पावती आणा. अट घालायचा हक्क राज्याला आहेच, कारण त्या रात्री शहर जे काही करतं ते फुकट होत नसतं.

दुसरा आक्षेप बाजाराचा. चांगलं असेल ते चालेल, नसेल ते पडेल. हे अर्धं खरं आहे. पडू दे की. छोट्या जागेचा उपयोगच पडून बघण्यासाठी आहे. पण पडायलाही जमीन लागते. आंब्याच्या बाजारात कलमं विकली जात नाहीत म्हणून रोपवाटिका बंद करा, असं रत्नागिरीत जाऊन बोलून बघा.

तिसरा जरा अडचणीचा आहे. यातल्या बऱ्याच जागा मद्यावर चालतात, मुंबईत तर नक्कीच. सार्वजनिक स्वरूपाचा पैसा बिअर विकणाऱ्याला का द्यायचा? माझं उत्तर असं की जागेला भाड्यासाठी रुपयाही देऊ नये. पैसा कलाकाराच्या मानधनाला बांधावा, वाद्याला बांधावा, आवाज बाहेर जाऊ नये म्हणून भिंतीला लावायच्या अस्तराला बांधावा. शेजाऱ्यांची झोप हाही खर्चातलाच भाग धरला पाहिजे. तरीही कुरबूर राहील हे मान्य. ग्रंथालयांचा वरचा मजला, शाळांची सभागृहं, गणेश मंडळांच्या वर्षातून अकरा महिने कुलूपबंद असणाऱ्या खोल्या, यांना मी आधी रांगेत घेईन. आजीच्या रेशनकार्डाचं गाणं वाचनालयाच्या हॉलमध्ये जास्त शोभलं असतं, आणि तिथे कॉफीचं मशीनही नसतं.

मात्र एक गोष्ट कुठल्याच निधीने सुटणार नाही, आणि ती आपली, ऐकणाऱ्यांची आहे. आपल्याला पासची सवय आहे. नात्यातला गातोय, शेजारचा वाजवतोय, म्हणजे पास मिळणारच. त्या कार्यक्रमाला येताना मीही एका मित्राला फोन केला होता. त्याचा पहिला प्रश्न, "पास आहे का रे?" हाच मित्र मुलाला घेऊन कोल्डप्लेला गेला होता. बारा हजारांची दोन तिकिटं, वाशीत एका रात्रीचं हॉटेल. ते त्याने हौसेने केलं, करावंच. तीनशे रुपयांना मात्र तो अडला. त्याला तीनशे जड नव्हते. ज्याचं नाव ऐकलेलं नाही त्याच्यासाठी पाकीट काढायचं हे त्याला जमेना. वीस रुपयांचा वाटा त्याच्या स्टेडियमच्या तिकिटातच परस्पर घेतला तर बरं, असं मला वाटायला लागलं ते त्या फोननंतर.

गेल्या आठवड्यात त्या मुलीचा निरोप आला. चार नवी गाणी झाली आहेत. कॅफेवाल्याने शनिवार आता एका कराओके मंडळाला कायमचे दिले, ते महिन्याचे पैसे आगाऊ भरतात. हिला मंगळवार मिळाला आहे, रात्री साडेआठचा. शेवटी लिहिलं होतं, "काका, नक्की या. मित्रालाही आणा. पास नाहीत हं."